आंतड्यांतील हिस्टामीन आणि पोटदुखी

कांहीं दुखणीं अशीं असतात कीं, भोगणारा कळवळत असतो आणि घरच्या माणसांना तें खरेंच वाटत नाहीं. जेवणानंतर मुरडा येतो, पोट फुगतें, कधीं जुलाब तर कधीं मलावरोध; परंतु रक्ताची तपासणी निर्दोष, दुर्बिणीनें पाहिलेलें आंतडेंहि निर्दोष! मग 'हे सारे मनाचे खेळ' असा निकाल दिला जातो. डॉक्टर ज्याला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात, तें हें चिडखोर आंतड्याचें दुखणें. मनाच्या ताणानें तें बळावतें हें खरें. पण तें काल्पनिक मात्र नव्हे.

डास चावला कीं गांध उठते व खाज सुटते. ही करणी हिस्टामीन नांवाच्या द्रव्याची. त्याच्या गुणधर्मांचें वर्णन १९१० सालीं इंग्लंडमध्यें हेन्री डेल व पॅट्रिक लेडलॉ यांनीं केलें. आंतड्याच्या अस्तरांतील मास्ट पेशींतहि हें द्रव्य सांठविलेलें असतें आणि जवळच वेदना वाहून नेणारे मज्जातंतु असतात. मिरचीची आग आपल्याला ज्या ग्राहकामुळें जाणवते, तोच ग्राहक या तंतूंवर असतो. हिस्टामीनमुळें तो अधिक हळवा होतो, असें बेल्जममधील लूव्हेनच्या संशोधकांनीं २०१६ सालीं दाखविलें. मग आंतड्यांतील नेहमींचा ताणहि वेदना होऊन जाणवतो.

पण पेशी हिस्टामीन सोडतात कां? आंतड्याला संसर्ग झालेला असतांना उंदरांना अंड्यांतील एक प्रथिन चारलें. संसर्ग बरा झाल्यावरहि तेंच प्रथिन पोटांत जातांच मास्ट पेशी जाग्या झाल्या. एकदां चोर येऊन गेल्यावर घरचें कुत्रें ओळखीच्या पावलावरहि भुंकूं लागतें, तसाच हा प्रकार! पुढें गहूं, ग्लूटेन, सोयाबीन व दूध यांचे अंश १२ रुग्णांच्या आंतड्याच्या अस्तरांत टोचले. बाराहि जणांत निदान एका पदार्थाची प्रतिक्रिया उमटली. निरोगी ८ जणांपैकीं दोघांतच ती दिसली. हें संशोधन २०२१ सालीं प्रसिद्ध झालें.

तर मग हिस्टामीनविरोधी गोळी घेतली कीं काम झालें काय? तसें नाहीं. मलावरोध नसलेल्या २०२ रुग्णांवरील, २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत एबास्टिन हें औषध १२ आठवडे दिलें. शेंकडा १२ जणांना ठरविलेल्या कसोटीइतका गुण आला. नुसत्या दिखाऊ गोळीनें शेंकडा ४ जणांना. औषध कांहींना उपयोगी, सर्वांना नव्हे. म्हणून तें स्वतःच्या मनानें घेऊं नये. शौचांतून रक्त जाणें, वजन घटणें किंवा ताप येणें, अशीं लक्षणें असल्यास तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावूं नये.

औषधाचा शोध अद्यापि चालू आहे. परंतु रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवण्यासाठीं घरच्यांनीं त्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.