हिवतापाच्या परजीवीची प्रथिने आणि मानवी प्रतिकारक्षमता

हिवताप (मलेरिया) हा प्लास्मोडियम वंशातील एकपेशीय परजीवींमुळे होणारा व ॲनोफेलीस डासाच्या मादीमार्फत पसरणारा रोग आहे. परजीवीच्या प्रथिनांना मानवी शरीर प्रतिजन म्हणून ओळखते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे व टी-पेशी तयार करते. तथापि गोवराप्रमाणे एकदा रोग होऊन गेल्याने आयुष्यभराचे संरक्षण मिळत नाही. हिवतापाविरुद्धची प्रतिकारक्षमता वारंवार संसर्ग होऊन हळूहळू येते, अपुरी असते आणि संसर्ग थांबल्यास ओसरते.

डासाच्या दंशातून शिरलेला परजीवी प्रथम यकृतात जातो. या अवस्थेत त्याच्या पृष्ठभागावर सर्कमस्पोरोझोइट हे प्रथिन असते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी आर२१ लस याच प्रथिनाच्या तुकड्यावर आधारलेली असून जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये तिची शिफारस केली. यकृतातील बाधित पेशींना टी-पेशी मारू शकतात. पुढे परजीवी तांबड्या रक्तपेशींत शिरला की टी-पेशींना बाधित पेशीची खूण पटत नाही व मुख्य भार प्रतिपिंडांवर पडतो. फाल्सिपेरम जातीचा परजीवी बाधित रक्तपेशीच्या पृष्ठभागावर पीएफईएमपी-१ हे प्रथिन मांडतो. त्याची सुमारे ६० जनुके असून एका वेळी सामान्यतः एकच कार्यरत असते. त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होईपर्यंत परजीवीच्या काही पेशींनी दुसरे रूप घेतलेले असते. प्रतिपिंडे निरुपयोगी मात्र नाहीत. गँबियातील प्रतिकारक्षम प्रौढांची प्रतिपिंडे आजारी मुलांना दिल्यावर त्यांच्या रक्तातील परजीवी कमी झाले, असे १९६१ मध्ये दिसून आले.

मुंबईतील स्थिती

मुंबईतील प्रमुख वाहक ॲनोफेलीस स्टीफेन्सी हा डास विहिरी, गच्चीवरील टाक्या अशा साठवलेल्या पाण्यात वाढतो. सी. ए. बेंटली यांनी १९११ च्या अहवालात शहरातील विहिरींकडे लक्ष वेधले होते. घोडपदेव, लालबाग, परळ यांसारख्या भागांतील बहुसंख्य रहिवाशांना वरचेवर संसर्ग होत नसल्याने वय वाढले तरी त्यांच्यात संरक्षण साठत नाही; येथे प्रौढालाही गंभीर हिवताप होऊ शकतो. याउलट तीव्र प्रादुर्भावाच्या प्रदेशातील प्रौढाच्या रक्तात परजीवी असूनही त्याला ताप नसतो.

पी-शून्य प्रथिन

हा फरक नेमक्या कोणत्या प्रथिनांमुळे पडतो, याचा शोध कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शोभना शर्मा व सहकाऱ्यांनी घेतला. ओडिशातील प्रतिकारक्षम प्रौढांचा व रुग्णांचा रक्तरस यांची तुलना करून, केवळ पहिल्या गटातील प्रतिपिंडे ज्यांना चिकटतात अशी प्रथिने त्यांनी निवडली (१९९४). त्यांपैकी एक पी-शून्य हे निघाले. हे अनपेक्षित होते, कारण पी-शून्य हा रायबोसोमचा, म्हणजे पेशीच्या आत प्रथिने बनविणाऱ्या यंत्रणेचा, घटक आहे व प्रतिपिंडे पेशीच्या आत सहसा पोहोचत नाहीत. परंतु हे प्रथिन परजीवीच्या पृष्ठभागावरही आढळले. त्याविरुद्धच्या प्रतिपिंडांनी प्रयोगशाळेत फाल्सिपेरमची वाढ रोखली (१९९७) आणि पुढे उंदरांना हिवतापापासून संरक्षण दिले.

लसीच्या दृष्टीने अडचण अशी की पी-शून्य मानवी पेशींतही असते आणि दोन्हींचे काही भाग सारखे आहेत. ल्यूपस या स्वयंप्रतिकार विकाराच्या काही रुग्णांत स्वतःच्याच पी-शून्यविरुद्ध प्रतिपिंडे आढळतात. अशा रुग्णांच्या रक्तरसानेही प्रयोगशाळेत परजीवीची वाढ रोखली गेली. त्यामुळे या संशोधनात परजीवीच्या पी-शून्यातील मानवी प्रथिनाहून भिन्न असलेल्या भागांना विशेष महत्त्व आहे.