विंडोज ११ चालत नाही म्हणून लॅपटॉप भंगारात? थांबा, आधी हे तपासा

लॅपटॉप व्यवस्थित सुरू होतो. मुलांचा अभ्यास, घरचे हिशेब, वीजबिल सगळे त्यावर चालते. तरीही स्क्रीनवर सूचना येते की हा पीसी विंडोज ११साठी पात्र नाही. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित सपोर्ट थांबवला. मग नवा लॅपटॉप घ्यावाच लागेल का?

धोका नेमका कोणता?

विंडोज १० बंद पडलेले नाही. मात्र नियमित सुरक्षा अपडेट थांबल्याने यापुढे सापडणाऱ्या त्रुटी तशाच राहतील. नेट बँकिंग करणाऱ्यांनी हे गांभीर्याने घ्यायला हवे.

गाडी कुठे अडते?

विंडोज ११साठी किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज लागते. एवढे बहुतेकांकडे असते. अडते ते टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट आणि प्रोसेसर यांवर. इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात. ‘पीसी हेल्थ चेक’ हे मायक्रोसॉफ्टचे मोफत ॲप नेमके कारण सांगते. काही वेळा टीपीएम असते, पण बायोसमध्ये बंद असते. ते सुरू केले की काम होते.

पात्र नसेल तर काय?

पहिला पर्याय : मायक्रोसॉफ्टच्या ‘ईएसयू’ योजनेत नोंदणी करणे. त्यात घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट खाते लागते.

दुसरा पर्याय : उबुंटू किंवा लिनक्स मिंट. दोन्ही मोफत आहेत आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतात.

लिनक्सवर सगळे चालेल?

हार्डवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यातला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. विंडोजसाठी तो सहसा हार्डवेअर बनवणारी कंपनी देते. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर आधीच असतात. पण कंपनीने सहकार्य केले नसेल, तर काही वाय-फाय चिप, फिंगरप्रिंट सेन्सर किंवा प्रिंटर त्रास देतात. शिवाय टॅलीसारखी विंडोजसाठी बनवलेली सॉफ्टवेअर लिनक्सवर थेट चालत नाहीत. दुकानदारांनी हे आधी पाहावे.

मॅक किंवा लिनक्स जास्त भरवशाचे?

ॲपल हार्डवेअर आणि सिस्टीम दोन्ही स्वतःच बनवते, म्हणून मॅकवर ड्रायव्हरची कटकट कमी. पण जुनी यंत्रे तिथेही मागे पडतात. ‘मॅकओएस टाहो’ ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती आहे.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. भारतातही काही विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. चूक मायक्रोसॉफ्टची नव्हती, तर सिस्टीमच्या गाभ्यात चालणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरची होती. म्हणजे भरवसा नुसत्या नावावर ठरत नाही. त्या यंत्रावर काय बसवले आहे, यावरही ठरतो.

बदल करण्यापूर्वी

फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप घ्या. लिनक्स आधी पेनड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ चालवून पाहा. यात विंडोजला धक्का लागत नाही. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर आणि मराठी टायपिंग तपासा. लॅपटॉप मिटून पुन्हा उघडल्यावर नीट जागा होतो का, तेही पाहा. सगळे जमले, तर नव्या लॅपटॉपचा खर्च तूर्तास टळला.