उन्हात सायकल चालवताना

माझे मामा मूळचे विट्याजवळचे. खानापूर तालुक्यातील अनेक कुटुंबांप्रमाणे तेही सोने-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी गाव सोडून गेले आणि राजस्थानात जयपूर जिल्ह्यातील चाकसू येथे स्थायिक झाले. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो होतो. शाळेत रोज पी.टी. आणि परेड करत असल्यामुळे ऊन माझे काही बिघडवू शकत नाही, असा माझा समज होता.

एके दिवशी सकाळी नऊ वाजता मी आणि माझा बारा वर्षांचा मामेभाऊ सायकलवरून शील की डूंगरीला निघालो. तिथे टेकडीवर शीतला मातेचे मंदिर आहे. शीतलाष्टमीला मोठी यात्रा भरते आणि त्या दिवशी लोक आदल्या दिवशी केलेले थंड अन्न खातात. निघताना मामींनी आम्हा दोघांना गमछे दिले. "कॅडेटला गमछा कशाला?" असे म्हणून मी माझा घरीच ठेवला. माझे पाहून भावानेही ठेवला.

परतताना दुपारचे बारा वाजून गेले. भाऊ बोलायचा थांबला, त्याची सायकल डुलू लागली. उतरल्यावर त्याला उलटी झाली. एका चहावाल्या काकांनी त्याला सावलीत आडवे केले, अंगावर पाणी शिंपडले, पुठ्ठ्याने वारा घातला आणि थोडे थोडे मिठाचे ताक पाजले. अर्ध्या तासाने तो सावरला. रात्री माझी मान, कान आणि हातांचे पंजे भाजल्यासारखे आग करू लागले. केस बारीक असल्यामुळे हेल्मेटच्या फटींचे लाल पट्टेसुद्धा डोक्यावर उमटले होते.

मामा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "तू मोठा होतास ना रे बरोबर?"

ते वाक्य मला उन्हापेक्षा जास्त लागले. म्हणून शाळेत परत आल्यावर मी हा विषय नीट समजून घेतला.

उन्हाचे दोन त्रास असतात. एक उष्णतेचा आणि दुसरा अतिनील किरणांचा. उष्णता जाणवते, अतिनील किरण जाणवत नाहीत. सायकलवर वाऱ्याने घाम वाळतो आणि बरे वाटते, पण त्वचा भाजतच असते. शिवाय आपण पुढे वाकलेले असतो, म्हणून मान आणि पाठ थेट सूर्यासमोर येतात.

हे किरण सूर्य सर्वात उंच असताना तीव्र असतात. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची आहे. चाकसू त्याच्या सुमारे साडेसहा अंश पश्चिमेला आहे आणि एका अंशाला 4 मिनिटे लागतात. त्यामुळे मे महिन्यात तिथे सूर्य 12 वाजता नव्हे, तर 12 वाजून 20 मिनिटांनंतर सर्वात उंच येतो. म्हणजे आम्ही नेमक्या त्याच वेळी रस्त्यावर होतो! घड्याळ नसले तरी एक खूण आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान झाली, की सायकल सावलीत लावावी.

कपड्यांचे संरक्षण सर्वात भरवशाचे. पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा शर्ट घालावा. पातळ पांढरा सुती बनियन घामाने भिजला की त्यातून अधिक किरण आत येतात. गमछा मानेवर आणि कानांवर घ्यावा, पण त्याची टोके शर्टात खोचावीत, नाहीतर ती चाकात अडकतील. गमछा घेतला तरी हेल्मेट हवेच. गॉगल अतिनील किरण अडवणारा असावा. नुसत्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि डोळ्यात उलट जास्त किरण जातात.

उघड्या भागावर सनस्क्रीन लावावे. एसपीएफ 30 चे क्रीम त्वचा भाजणारे सुमारे 97 टक्के किरण अडवते, पण भरपूर लावले तरच. निघण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे लावावे आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे, कारण घामाने ते निघून जाते.

सनस्क्रीनने उष्माघात मात्र टळत नाही. त्यासाठी तहान लागण्याआधी पाणी प्यावे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले, की घरच्या घरी जलसंजीवनी तयार होते. डोके दुखणे, चक्कर, मळमळ ही पहिली सूचना समजावी आणि तिथेच थांबावे. सोबती असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तोंडाने काही पाजू नये. त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच 108 ला फोन करावा.

सुट्टी संपण्याआधी आम्ही पुन्हा एकदा सायकलवर गेलो. या वेळी पहाटे साडेपाचला निघालो आणि आठच्या आत घरी परतलो. निघताना मामींकडून गमछा मी आधी मागून घेतला. भावाने काही न बोलता त्याचाही घेतला.