जीपचे पुढचे पाय : सलग एक्सल बरा की सुटी चाके?

सीमाभागात जीप ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. खानापूर भागातल्या जंगलवाटा, चोर्ल्याचा घाट, पावसाळ्यात लोण्यासारखी होणारी तांबडी माती यांतून माणसे आणि माल नेण्याचे काम तिने निमूटपणे केले. आता शोरूममध्ये चकचकीत फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या उभ्या असतात. गिऱ्हाईक इंजिनाची ताकद विचारते, ॲव्हरेज विचारते, टचस्क्रीनवर बोट फिरवून पाहते. खाली वाकून पुढच्या चाकांमागची रचना मात्र फारसे कोणी पाहत नाही. खरे तर गाडी घाटात कशी वळणार, ओढ्यात कशी चालणार आणि दहा वर्षांनी गॅरेजमध्ये किती खर्च काढणार, हे बरेचसे तिथेच ठरते.

साध्या ट्रकची पुढची चाके वजन पेलतात, दणके सोसतात आणि वळतात. फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये त्यांना इंजिनाची ओढही द्यावी लागते. ही चारही कामे एकाच जागी करायची म्हणून तिथली रचना अवघड होते. तिचे मुख्य प्रकार दोन.

बैलगाडीचा आख

पहिला प्रकार म्हणजे सलग एक्सल. बैलगाडीचा आख डोळ्यांसमोर आणा. दोन्ही चाके एकाच आडव्या दांड्याला जोडलेली. एक चाक धोंड्यावर चढले की दुसरेही कलते. दुसऱ्या महायुद्धातली विलीस जीप अशीच होती. महिंद्रांनी १९४७ मध्ये तिची जुळणी भारतात सुरू केली आणि पुढे कित्येक दशके त्यांच्या जीपगाड्या याच वळणावर निघत राहिल्या. १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीलाही पुढे-मागे सलग एक्सल आणि कमानपाटेच होते.

पाट्यांची खुबी अशी, की ते स्प्रिंगचेही काम करतात आणि एक्सलला जागेवरही धरून ठेवतात. सुटे भाग कमी, त्यामुळे बिघाड कमी. पाटा तुटलाच तर गावातला मिस्त्रीही बदलून देतो. उणीव एवढीच, की पाटे एकमेकांवर घासतात आणि गाडी कडक चालते. मागे बसलेल्यांना ते वेगळे सांगायला नको!

यावर उपाय म्हणून पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आले. १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये ही रचना होती. भारतात २०२३ मध्ये आलेल्या मारुती जिमनीतही पुढे-मागे सलग एक्सल आणि कॉइल स्प्रिंग आहेत. कॉइल मऊ खरी, पण ती एक्सलला धरून ठेवू शकत नाही. त्यासाठी वेगळे आर्म लागतात आणि एक्सल आडवा सरकू नये म्हणून एक तिरका दांडा, म्हणजे पॅनहार्ड रॉड, लागतो. त्याचे बुश किंवा टायरॉड एन्ड झिजले, तर खड्ड्यातून जाताच स्टिअरिंग जोराने थरथरू लागते आणि गाडीचा वेग उतरेपर्यंत थांबत नाही. घाटउतारावर हे जिवावर बेतू शकते.

प्रत्येक चाक आपले आपण

दुसरा प्रकार स्वतंत्र सस्पेन्शनचा. यात डिफ्रन्शियल चासीला घट्ट बसवलेले असते आणि प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर स्वतंत्र खालीवर होते. २०१० च्या थारमध्ये पुढे टॉर्शन बार होते. टॉर्शन बार म्हणजे लांब पोलादी दांडा. तो पिळला जातो आणि परत सरळ होतो, तीच त्याची स्प्रिंग. २०२० च्या नव्या थारमध्ये पुढे डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग आले. २०२१ ची फोर्स गुरखा आणि हौदेवाल्या गाड्यांतल्या इसुझू व्ही-क्रॉस व टोयोटा हायलक्स यांचीही पुढची बाजू अशीच स्वतंत्र आहे.

फायदा स्टिअरिंग हातात घेताच कळतो. चाकांसोबत जड एक्सल वरखाली होत नाही, त्यामुळे डांबरी रस्त्यावर गाडी नेमकी वळते आणि वेगातही स्थिर राहते. किंमत मात्र सांध्यांची. पुढच्या दोन बाजूंना मिळून चार सीव्ही जॉइंट असतात आणि प्रत्येकावर रबरी बूट. बूट फाटला की ग्रीस बाहेर, चिखल आत आणि थोड्याच दिवसांत वळताना कटकट आवाज. टॉर्शन बारचा बोल्ट आवळून गाडी उंच करण्याची हौसही इथेच नडते. सांध्यांचा कोन वाढतो आणि ते लवकर झिजतात.

उंचीचा हिशेब

माहितीपत्रकातला ग्राउंड क्लिअरन्स सपाट जमिनीवर उभ्या गाडीचा असतो. सलग एक्सलखालची उंची टायरवर ठरते. दणका बसला तरी ती कमी होत नाही. उलट एक चाक वर गेले की दुसरे खाली दाबले जाते आणि जमीन सोडत नाही. म्हणूनच दगडगोट्यांतून सावकाश जाताना जुनी जीप अजून भाव खाते. स्वतंत्र रचनेत गाडी दबली की मधला भागही जमिनीकडे येतो.

मग घ्यावी कोणती?

रोजची वाट ओढ्याची, शेताची, दगडांची असेल आणि वेग कमी असेल तर सलग एक्सल सोयीचा. महिन्याचे बहुतेक दिवस हायवे आणि घाट, अधूनमधून कच्चा रस्ता असेल तर स्वतंत्र सस्पेन्शन शहाणपणाचे.

जुनी गाडी घेणार असाल तर पुढचे चाक जॅकवर उचला. वर-खाली धरून हलवल्यावर ढिले लागले तर बेअरिंग, किंगपिन किंवा बॉल जॉइंट तपासा. डावी-उजवीकडे ढिले लागले तर टायरॉड एन्ड पाहा. गाडी एका अंगाला झुकली आहे का, पाट्याला तडा आहे का, रबरी बूट शाबूत आहेत का, हे टॉर्च मारून बघा. डिफ्रन्शियलचे ऑइल ताकासारखे पांढुरके दिसले तर पाणी शिरलेले आहे असे समजा. या सगळ्याला अर्धा तास लागतो. लाखांचा व्यवहार करताना तेवढा वेळ विकणाऱ्याकडे हक्काने मागावा आणि तो कुरकुरला तर दुसरी गाडी पाहावी.