शीर्षक, वर्णन आणि ते वाचणारा कोड

वेबपानाच्या हेड भागात पान स्वतःची ओळख दोन ठिकाणी सांगते: टायटल टॅगमध्ये शीर्षक, मेटा डिस्क्रिप्शनमध्ये वर्णन. १९९५च्या एचटीएमएल २.० पासून शीर्षक सक्तीचे आहे. वर्णन ऐच्छिकच राहिले. नव्वदच्या दशकात ही माहिती बहुधा पर्लच्या रेग्युलर एक्स्प्रेशनने काढत. मेटा टॅगमधल्या 'नेम' आणि 'कंटेंट' यांचा क्रम उलटला तरी हाती काही लागत नसे. त्या काळाबद्दल एवढे पुरे.

या कामाला बहर आला तो २००४ नंतर. त्या वर्षी लिओनार्ड रिचर्डसन यांनी पायथनसाठी ब्यूटिफुल सूप हे एचटीएमएल वाचणारे साधन आणले. तेव्हा वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचा भर एक्सएचटीएमएलवर होता: एक टॅग उघडा राहिला तरी पान नापास. तो हट्टच होता, आणि २००९मध्ये एक्सएचटीएमएल २चे काम गुंडाळावे लागले. लिहिणारी माणसे चुकणारच, हे ब्यूटिफुल सूप आधीच धरून चालले. न मिटलेले टॅग ते सावरून घेई, अक्षरांचे एन्कोडिंग अंदाजाने ओळखे. पान उतरवा, शीर्षक घ्या, वर्णनाचा मेटा टॅग शोधा. पाच-सहा ओळींत काम होई.

मराठीला याच काळाने सर्वाधिक दिले, आणि त्याची नोंद फारशी कुणी घेतली नाही. पूर्वी कितीतरी मराठी संकेतस्थळे स्वतःच्या फॉन्टवर चालत. पडद्यावर मराठी दिसे, कोडला मात्र रोमन अक्षरांचा गुंता मिळे. शीर्षक ब्राउझरच्या पट्टीत संगणकाच्याच फॉन्टात उमटत असल्याने तिथे इंग्रजीचा आधार घ्यावा लागे. युनिकोड रुळले आणि मराठी शीर्षक मराठीतच कोडच्या हाती आले.

पुढची वर्षे उतरणीची. २०१०मध्ये फेसबुकने ओपन ग्राफचे वेगळे मेटा टॅग आणले आणि एकाच शीर्षकाच्या दोन प्रती झाल्या, कधी परस्परांशी न जुळणाऱ्या. जावास्क्रिप्टने पान ब्राउझरमध्येच रचण्याची प्रथा पडली. सर्व्हरकडून बऱ्याचदा रिकामा सांगाडा येऊ लागला. दोन ओळींसाठी अख्खा हेडलेस ब्राउझर चालवणे ही उधळपट्टीच आहे. ऑगस्ट २०२१मध्ये शोधाच्या निकालांतली शीर्षके ठरवण्याची नवी पद्धत गूगलने जाहीर केली. लेखकाच्या शीर्षकाऐवजी पानावरचा दुसरा मजकूर तिथे पूर्वीपेक्षा अधिक झळकू लागला.

जुलै २०२५पासून संकेतस्थळांना संरक्षण पुरवणारे क्लाउडफ्लेअर नव्या संकेतस्थळांवर एआय क्रॉलरना मुळातच अडवू लागले. बेसुमार मजकूर ओढणाऱ्यांनीच ही वेळ आणली. अशा बंदोबस्तात, रोबोट्स डॉट टीएक्सटी वाचून सावकाश एकच पान मागणारा छोटा कोडही अनेकदा ४०३चा नकार घेऊन परततो.