गिऱ्हाइकाचा पत्ता

नगर शहरातून मनमाडच्या दिशेने निघाले की सावेडी लागते. एकेकाळचे हे खेडे आज शहराचे गजबजलेले उपनगर आहे. प्रोफेसर कॉलनी चौकापासून भिस्तबागेपर्यंत कापड, सोने, मोबाइल, क्लासेस आणि दवाखाने यांच्या पाट्यांची रांगच लागलेली दिसते. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मराठी पाट्यांसाठी व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. त्यानंतर पाट्यांवरचे देवनागरी अक्षर ठळक झाले. मात्र याच दुकानांची मोबाइलच्या नकाशावरची नोंद उघडली तर वेगळे चित्र दिसते. नाव फक्त इंग्रजीत, फोन नंबर जुना, उघडण्याची वेळ कोणी भरलेलीच नाही. गावाचे नाव तर कोठे ‘अहमदनगर’, कोठे ‘अहिल्यानगर’ आणि कोठे नुसते ‘नगर’.

जिल्ह्याचे आणि शहराचे नाव २०२४ मध्ये बदलले. नामांतराच्या बऱ्यावाईटाची चर्चा येथे करायची नाही, व्यवहारापुरतेच बोलू. शोधयंत्र एखादे दुकान ओळखते ते नाव, पत्ता आणि फोन या तिन्हींच्या जुळणीवरून. एका ठिकाणी एक पत्ता आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरा असेल, तर एकाच दुकानाच्या दोन नोंदी तयार होऊ शकतात. मग वर्षानुवर्षांचे ग्राहकांचे अभिप्राय विभागले जातात आणि दोन्ही नोंदी दुबळ्या राहतात. पुण्याला स्थायिक झालेला नगरकर अजूनही ‘नगर’ असेच शोधतो, सरकारी कागद पाहणारा ‘अहिल्यानगर’ लिहितो, तर जुन्या सवयीचा माणूस ‘अहमदनगर’. दुकानदाराला हे तिघेही हवे आहेत. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव येथील व्यापाऱ्यांपुढेही २०२३ पासून हीच अडचण आहे. तरीही जाहिरातीवर दरमहा पैसे घालणारी दुकाने या फुकट नोंदीकडे ढुंकून पाहत नाहीत.

जाहिरात हा माझा हौसेने केलेला अभ्यास. त्यातली पदवी माझ्याकडे नाही. जुन्या मासिकांतल्या जाहिरातींची कात्रणे जमवता जमवता मी मोबाइलवरच्या जाहिरातींचीही चित्रे साठवू लागलो. ही सगळी जमवाजमव पाहता एक गोष्ट मला वारंवार दिसते. कंपनी मोठी असो की सावेडीतले दुकान, तंत्रातली चूक ही वरवरची असते. खाली एकच चूक असते : आपण कोणाशी बोलतो आहोत, हे बोलणारा विसरलेला असतो. समोर गिऱ्हाईक उरत नाही, आकडा उरतो.

सर्वांत बोलके उदाहरण पंचांगाचे आहे. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे उत्तरेचा ‘सावन’ गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि आपला श्रावण त्यानंतर पंधरा दिवसांनी, आषाढी अमावास्या उलटल्यावर. दिल्ली किंवा गुरुग्राममध्ये बसून अखिल भारतीय जाहिरात आखणाऱ्याच्या हे गावीही नसते. मग ‘श्रावण स्पेशल’ शाकाहारी थाळीची सवलत मराठी माणसाच्या मोबाइलवर येते ती नेमकी आषाढाच्या शेवटच्या पंधरवड्यात, म्हणजे अर्धे घर गटारीचा बेत आखत असते तेव्हा! जाहिरातीचे भाषांतर अचूक असते, चित्र देखणे असते, फक्त श्रावण आपला नसतो. ‘छोटी दिवाळी’ आणि ‘भाईदूज’ यांचेही तेच. आपल्याला वसुबारस, धनत्रयोदशी, नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज ही क्रमवारी लहानपणापासून पाठ असते. पाडवा हा आपल्याकडे साडेतीन मुहूर्तांतला अर्धा मुहूर्त. त्या दिवशी सोने, गाडी, वह्या यांची खरेदी होते आणि नवरा बायकोला ओवाळणी घालतो. देशभराच्या बहुतेक सवलती मात्र लक्ष्मीपूजनालाच संपतात. ऐन खरेदीच्या दिवशी दुकान मिटावे, तसाच हा प्रकार. पितृपंधरवड्यात नवी खरेदी टाळणाऱ्या घरांना त्याच दिवसांत ‘आजच घरी आणा’ असे सांगणाऱ्या जाहिराती तर दरवर्षी दिसतात. भिंतीवरचे एखादे मराठी कॅलेंडर पाहिले असते तरी भागले असते.

भाषेची गोष्ट याला लागूनच आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाखांहून अधिक होते. गूगल आणि केपीएमजी यांनी एप्रिल २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाने २०१६ मधील चित्र मांडले होते : भारतीय भाषांतून इंटरनेट वापरणारे २३.४ कोटी, इंग्रजीतून वापरणारे १७.५ कोटी. म्हणजे ग्राहक कोठे आहे हे उघड होते. तरी ॲमेझॉनने २०१८ मध्ये हिंदी आणि सप्टेंबर २०२० मध्ये तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम आणले, मराठी नाही. त्यानंतर मनसेने मराठीच्या पर्यायासाठी मोहीम सुरू केली, प्रकरण कोर्टापर्यंत गेले, डिसेंबर २०२० मध्ये पुण्या-मुंबईत कंपनीच्या कार्यालयांची तोडफोडही झाली. तोडफोडीचे समर्थन कोणी शहाणा करणार नाही. पण ‘महाराष्ट्रातल्या ग्राहकाला हिंदी कळते, मग वेगळी मराठी कशाला’ हा हिशेब फसला, हेही खरेच. फ्लिपकार्टने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मराठी आणली होती. ॲमेझॉनवर ती सप्टेंबर २०२१ मध्ये आली.

आणि जी मराठी येते ती कशी असते? ‘आत्ताच खरेदी करा आणि आकर्षक सूटचा लाभ मिळवा’ असल्या वाक्यांना व्याकरणाने फासावर देता येत नाही (‘सूटचा’ सोडून!), पण सावेडीत, शेवगावात किंवा सांगलीत कोणी असे बोलत नाही. हिंदीवरून उतरवलेल्या मराठीत ‘मिठाई’ येते, ‘फराळ’ येत नाही. ‘सजावट’ येते, ‘आकाशकंदील’ येत नाही. आमच्याकडच्या दुकानदारांची अडचण उलटी आहे. त्यांना अस्सल मराठी येते, पण ती ते चित्रात कोंडतात. छपाईवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये मजकूर करून घेतात, त्याचे चित्र बनवतात आणि तेच सगळीकडे चिकटवतात. मोबाइलवर ते नीट दिसते, मात्र चित्रातला मजकूर शोधात सापडेलच याचा भरवसा नसतो आणि दृष्टिहीनाच्या वाचकयंत्रालाही तो सहजी वाचता येत नाही. तोच मजकूर युनिकोडमध्ये दोन ओळी टाइप करून खाली जोडायला एक मिनिट लागते.

आता शुभेच्छांविषयी. दिवाळी अंकाच्या वाचकाला ‘शुभेच्छुक’ हे पान चांगले ठाऊक आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा जाहिरातदारांच्या आधारावर उभी आहे. अंकात पानभर शुभेच्छा देणारा कारखाना किंवा पतसंस्था त्या पानाने साखर किंवा ठेवी विकत नाही. तो आश्रय असतो, आणि वाचकही तो तसाच घेतो. मोबाइलवर दुकानदार हेच पान रोज काढू लागला. जयंती, पुण्यतिथी, जागतिक अमुक दिन, क्रिकेटचा विजय, सगळ्यावर दुकानाचे चिन्ह आणि मालकाचा फोटो. येथे आश्रय कोणालाच मिळत नाही आणि विक्रीही होत नाही. उलट, दुकानाच्या पानावर साडीचा भाव विचारायला आलेल्या बाईला आधी सतरा अभिवादने ओलांडावी लागतात. कोणा थोर व्यक्तीच्या पुण्यतिथीला ‘हार्दिक शुभेच्छा’ गेल्या, की मग होणारी शोभा वेगळीच.

याच्या उलट उदाहरण आमच्या गावचेच आहे. नगरच्या कायनेटिकची लूना १९७२ मध्ये आली. पुढे पीयूष पांडे यांनी तिला ‘चल मेरी लूना’ ही ओळ दिली. गाडी बंद पडली, पण ओळ लोकांच्या तोंडी राहिली, इतकी की फेब्रुवारी २०२४ मध्ये विजेवरची गाडी आली ती त्याच नावाने. एकच गोष्ट वर्षानुवर्षे सांगण्याचे हे फळ. आज दर आठवड्याला नव्या गाण्यावर रील करणाऱ्या दुकानाची कोणती ओळ गिऱ्हाइकाच्या लक्षात राहावी?

आकड्यांचा मोह तर सगळ्यांनाच आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने मान्य केले, की व्हिडिओ पाहण्याचा सरासरी वेळ आपण सुमारे दोन वर्षे फुगवून दाखवत होतो; तीन सेकंदांच्या आत निघून गेलेले प्रेक्षक त्या सरासरीत धरलेच नव्हते. प्रॉक्टर अँड गँबल या जगातल्या बड्या जाहिरातदाराने एप्रिल ते जून २०१७ या तिमाहीत डिजिटल जाहिरातींतून १० कोटी डॉलरहून अधिक खर्च कापला आणि विक्रीच्या वाढीवर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही, असे सांगितले. इतकी मोठी कंपनी खर्च कापून पाहू शकते. सावेडीतला कापडवाला पोस्ट ‘बूस्ट’ करतो तेव्हा ती जिल्हाभर पसरते, संगमनेर-अकोल्यातून लाइक येतात आणि दुकानात कोणी येत नाही. त्याने विचारायचा प्रश्न साधा आहे : आलेल्या गिऱ्हाइकाला ‘कोठून कळले?’ हे गल्ल्यावर विचारून वहीत टिपले का?

लोकांचा रागही आकड्यांतून नीट वाचता येत नाही. एप्रिल २०१७ मध्ये स्नॅपचॅटवर संतापलेल्या लोकांनी स्नॅपडीलचे मानांकन पाडले. मार्च २०१९ मध्ये सर्फ एक्सेलच्या होळीच्या जाहिरातीचा राग मायक्रोसॉफ्ट एक्सेलवर निघाला. अशा वेळी घाईने माफी मागणारा आणि खऱ्या तक्रारीला महिनाभर उत्तर न देणारा, दोघेही सारखेच चुकतात.

पैसे देऊन स्तुती करून घेण्याबद्दल थोडक्यात सांगतो. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये नियम घातले आहेत. मोबदला घेतला असेल तर तो उघड सांगावा लागतो. दिशाभूल केल्यास १० लाख आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. फुकट मिसळ खाऊन केलेला व्हिडिओही यातून सुटत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र जागेची आहे. २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली आणि टिकटॉकवर ज्यांनी लाखभर चाहते जमवले होते त्यांची सगळी गर्दी एका रात्रीत गेली. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री, घटस्थापनेच्या तीन दिवस आधी, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होते. घर भाड्याचे होते हे तेव्हा कळले. व्हॉट्सॲपच्या प्रसारण यादीतही एका वेळी २५६ जणच बसतात आणि संदेश पोहोचतो तो आपला नंबर ज्यांनी साठवला आहे त्यांनाच. म्हणजे आधी गिऱ्हाइकाने आपल्याला ओळखले पाहिजे.

हे ओळखणारा एक कारखानदार मराठीत शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर शेतकरी सुरुवातीला घेईना. लोखंडाने जमीन बिघडते असा समज होता. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. ते कारखान्याचेच पत्रक होते. पण नांगराची नुसती स्तुती कोण किती दिवस वाचणार, हे शंकररावांनी ओळखले आणि वाचकाला उपयोगी पडेल, वाचावेसे वाटेल असा मजकूर त्यात वाढत गेला. १९२९ मध्ये ते ‘किर्लोस्कर’ झाले, १९३० मध्ये ‘स्त्री’ आले, १९३४ मध्ये ‘मनोहर’. आज ज्याला ‘कंटेंट’ म्हणून सल्लागार भरमसाट पैसे घेतात, ते हेच. फरक इतकाच की वाचकांची नावे आणि पत्ते किर्लोस्करवाडीच्या कचेरीत होते, परक्या कंपनीच्या यंत्रात नव्हते.

सावेडीत घरगुती फराळ करून विकणाऱ्या एक ताई माझ्या परिचयाच्या आहेत. त्यांच्याकडे लांबट वही आहे. नाव, फोन, गेल्या वर्षी काय नेले आणि पुढे शेरा : ‘चकली तिखट’, ‘करंजी कमी गोड’, ‘मुलगा जर्मनीला, पार्सल लवकर’. समाजमाध्यमांवर त्यांचे चाहते मोजकेच आहेत. नवरात्र संपले की त्या वही घेऊन फोन करत बसतात. नकाशावर त्यांची नोंद नव्हती. ती गेल्या वर्षी त्यांच्या भाचीने मराठीत आणि इंग्रजीत केली, पत्त्यात गावाचे नवे नाव आणि वर्णनात जुने घातले.

एवढ्यावर काही दुकानदार विचारतात, ‘मग आम्ही नेमके काय करावे?’ या नोंदीत सणासुदीच्या विशेष वेळा भरण्याची सोय आहे. ती बहुतेकांनी कधी उघडलेली नसते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वहीपूजन आटोपून सावेडीतली बरीच दुकाने लवकर बंद होतात. नकाशावर मात्र ‘रात्री १० पर्यंत सुरू’ असे दिसत राहते आणि पाथर्डी-राहुरीहून निघालेला माणूस बंद शटरपुढे येऊन उभा राहतो.