हिरव्या हाराची खरी कमाई

वर्गणी मागणे आणि वस्तू विकणे यांत फरक कोणता, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. दोन्हींत एकाच्या खिशातील पैसा दुसऱ्याच्या पेटीत जातो. परंतु अमेरिकेतील बालवीर पथके नाताळच्या सुमारास जो उद्योग करतात, तो बारकाईने पाहिला म्हणजे हा फरक केवळ शब्दांचा नाही, हे ध्यानात येते.

तेथील बालवीरांची प्रमुख संस्था १९१० साली ‘बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका’ या नावाने स्थापन झाली. २०२५ पासून तिने ‘स्काउटिंग अमेरिका’ हे नाव घेतले आहे. या संस्थेचा एक जुना दंडक असा की, मुलांनी आपल्या पथकासाठी कोणाकडे नुसती देणगी मागावयाची नाही. काही वस्तू किंवा सेवा द्यावी, घेणाऱ्याला आपल्या पैशाचे पुरेपूर मोल मिळावे आणि उरलेल्या नफ्यातून शिबिराचा, तंबूंचा खर्च भागवावा. या दंडकातूनच अनेक पथके नाताळच्या हिरव्या हारांच्या विक्रीकडे वळली.

हा हार म्हणजे तारेच्या कड्यावर फर वृक्षाच्या फांद्यांची टोके गुंफून केलेले एक गोल तोरणच. उत्तरेकडील हिवाळ्यात बहुतेक झाडे निष्पर्ण होतात. फर, पाइन यांसारखी सूचिपर्णी झाडे तेवढी हिरवी राहतात. नाताळात त्यांच्या फांद्या दारावर लावण्याच्या प्रथेचे मूळ या हिरवेपणातच आहे. मेन राज्यात बाल्सम फरची टोके हातांनी मोडून गोळा करतात आणि कडाक्याच्या थंडीच्या काही रात्री गेल्याखेरीज हे काम सुरू करीत नाहीत. कारण त्यापूर्वी मोडलेल्या फांदीची सुईसारखी पाने लवकर झडतात. म्हणजे माल नाशवंत आणि हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. म्हणूनच मुले आधी घरोघर जाऊन मागण्या नोंदवितात आणि नोंदीइतकाच माल मागवितात. शिल्लक मालाचा बोजा पथकावर पडत नाही. व्यापाराचा हा पहिला धडा मुलांना पुस्तकाविना मिळतो.

आता हिशेब पाहू. समजा, एक हार पथकाला १८ डॉलरना पडला आणि ३० डॉलरना विकला गेला. पथकाला १२ डॉलर सुटले. अर्थशास्त्राचा विद्यार्थी लगेच विचारील की, गिऱ्हाइकाने १२ डॉलर सरळ पथकाच्या हाती ठेवले असते, तर त्याचे १८ डॉलर वाचले नसते काय? ज्या घराला हार नकोच होता, त्याच्या बाबतीत हा आक्षेप बिनतोड आहे. भिडेखातर घेतलेल्या वस्तूइतकी महाग देणगी दुसरी नाही. परंतु ज्या घरी दर वर्षी हार लागतोच आणि साधारण त्याच किमतीला बाजारातून येतोच, त्या घराचे जादा काहीच गेले नाही. दुकानदाराचा नफा तेवढा मुलांकडे वळला. हंगामात घरोघरी लागणारी वस्तू विकण्यात जे शहाणपण आहे, ते हे.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. काही पथके हार साधेच मागवितात आणि एखाद्या संध्याकाळी सारी कुटुंबे एखाद्या सभागृहात जमून ते सजवितात. आई लाल फितीची गाठ बांधते, वडील तार पिळतात, धाकटी भावंडे पाइनची फळे निवडून देतात. साध्या आणि सजविलेल्या हाराच्या किमतीत जो फरक पडतो, तो कोणाच्या कृपेचा नव्हे. तो त्या हातांच्या श्रमाचा मोबदला होय. मूल्यवृद्धी म्हणजे काय, हे मी वर्गात तासभर सांगतो. त्या मुलांना ते एका संध्याकाळी उमगत असेल.

मात्र या उद्योगाला एक कीडही लागू शकते. मुलाचे मागणीपत्रक वडील कचेरीत नेतात आणि हाताखालच्या मंडळींपुढे ठेवतात. साहेबांच्या मुलाचा हार नाकारण्याची छाती कोणाची? अशा वेळी विक्री ही विक्री राहत नाही. ती गोड शब्दांत वसूल केलेली पट्टी होते. शिवाय ज्याच्या बापाची ओळख मोठी, त्याची विक्री मोठी. गिरणी कामगाराचा मुलगा चार दारे अधिक हिंडूनही मागे राहतो. श्रमाची शिकवण देण्यासाठी योजलेला उपक्रम मग वशिल्याचा पाठ देऊ लागतो.

हे लिहिताना मला दूरदेशीच्या पालकांना दोष देण्याचा अधिकार नाही. ब्रिटनमध्ये १९४९ साली बालवीरांनी घरोघर लहानसहान कामे करून शिलिंग मिळविण्याचा सप्ताह सुरू केला. आपल्या शाळांतील स्काउट-गाइडची ‘खरी कमाई’ त्याच जातकुळीची. सहावीत असताना गळ्यात स्कार्फ अडकवून मी शेजारच्या काकूंचे गहू निवडले होते आणि मिळालेले दोन रुपये कार्डावर लिहून त्यांची सही घेतली होती. त्या दोन रुपयांचे वजन मला आजही आठवते. परवा माझ्या मुलीने तसेच कार्ड घरी आणले. परीक्षा जवळ आली होती, मला घाई होती. मी खिशातून पन्नास रुपये काढले, पाच घरांच्या नावापुढे दहा-दहा रुपये लिहिले आणि सह्याही मीच ठोकल्या. तिने विचारले, “बाबा, मग मी काय करायचं?” मला उत्तर सुचले नाही.

शाळेला पैसे पोहोचले, कार्ड भरले. जमाखर्चात कोठेही चूक नव्हती. गहाळ झाली होती ती फक्त कमाई. मुलांच्या हातून काम काढून घेऊन आपण त्यांचे कष्ट वाचवितो, असे आपल्याला वाटते. वस्तुतः त्यांच्या पहिल्या दोन रुपयांचे वजनच आपण काढून घेत असतो. ते कार्ड मी परत मागून घेतले आहे. येत्या रविवारी मुलगी शेजाऱ्यांच्या सायकली पुसणार आहे. मी गच्चीतूनसुद्धा पाहावयाचे नाही, अशी तिची अट आहे.